भज्यावर जकात

माझे बाबा म्हणजे आमच्या घराण्यातला पहिला जाडा माणूस. आधीच्या पिढ्यांना ते जमलं नाही, कारण जाड व्हायला जे सामान लागतं ते त्यांच्या घरात कधी आलंच नव्हतं. आजोबा इंझोरीला दुसऱ्यांच्या वावरात राबले, आजी त्यांच्या मागं राबली, आणि दोघांचीही पोटं जन्मभर पाठीला टेकलेली. बाबा मॅट्रिक झाले, कारंज्याला जकात नाक्यावर कारकून म्हणून चिकटले आणि सहा-सात वर्षांत त्यांना असं काही पोट सुटलं की आजोबा एसटीतून उतरले की आधी त्यांच्या पोटाकडं बघायचे आणि मग तोंडाकडं. इंझोरीच्या बुद्धविहारासमोर बसून ते लोकांना सांगायचे, "माहा लेक सायकलवर बसला की सायकल वरडते."

या पोटाला नाकाही कारणीभूत होता. जकात म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर. कापसाची बंडी असो की गुळाचा ट्रक, गावात शिरण्याआधी नाक्यावर थांबायचं, माल दाखवायचा, पैसे भरायचे, पावती घ्यायची. नाक्यासमोर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि खाली एक कढई, जी मी कधी थंड झालेली पाहिली नाही. मिरचीची भजी, आलुबोंडे, कचोऱ्या. बाबांचं टेबल आणि ती कढई यांच्यामध्ये फक्त रस्ता होता, आणि रस्त्यावर जकात नव्हती.

बाबांची नोकरी मात्र इतकी वर्षं टेंपरवारी होती. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एकदाची कायम करायची वेळ आली आणि कागद आला: अकोल्याच्या दवाखान्यातून प्रकृती ठीक असल्याचा दाखला आणा. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, प्रत्येक महत्त्वाच्या कागदासाठी अकोला. तिथल्या डॉक्टरनं बाबांना दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला. दुसऱ्यांदा बाबा वर पोचले तेव्हा डॉक्टरचा चहा पिऊन झाला होता. "पावसाळा लागला की परत या," तो म्हणाला, "पण हे पोट घेऊन आलात तर अनफिट लिहीन." अनफिट म्हणजे कायम नाही, आणि कायम नाही तर नाक्यावरची खुर्ची दुसऱ्याची. मग काय, तर इंझोरीची वावरं होतीच. दुसऱ्यांची.

आईनं आधी बंदी घातली. तळलेलं बंद. तीन दिवसांत बाबांच्या खिशात मिरचीचं देठ सापडलं. आईनं ते देठ जेवताना त्यांच्या ताटात वाढलं.

बाबांनी मान खाली घातली, पण तोंड चालूच ठेवलं. ते नेहमी जे आम्हाला ऐकवायचे तेच पुन्हा म्हणाले, "बंदी घातली की माल चोरवाटेनं येते. जकात घातली की सरळ नाक्यावरून येते."

"असं काय?" आई म्हणाली. "मंग मी जकात लावतो." आमच्याकडं बायाही 'लावतो'च म्हणतात. "तुमी गावाले लावता, मी तुमाले लावतो."

पैशात जकात घेण्यात अर्थ नव्हता. बाबांचा पगार आईच्याच डब्यात जायचा, म्हणजे तिनं स्वतःच्या एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात टाकल्यासारखं झालं असतं. तिनं जकात पाण्यात ठरवली. आमच्या गल्लीत नळ नव्हता. गल्लीच्या वरच्या टोकाला विहीर, आणि घरापासून तिथपर्यंत चांगलाच चढ. आई रोज पंधरा-पंधरा गुंड पाणी आणायची. गुंड म्हणजे आमच्याकडची पाणी भरायची पितळी घागर, रिकामीच इतकी जड की भरण्याआधीच माणूस दमावा. एका भज्याला एक गुंड. आलुबोंड्याला दोन. कचोरीला तीन, कारण कचोरीवर आईचा आधीपासून राग होता.

नाका आमच्या ओट्यावर बसला आणि नाक्यावर मी. आठवीत होते, अक्षर चांगलं होतं आणि स्वभाव खडूस होता, म्हणजे या कामाला लागतात ते दोन्ही गुण माझ्यात होते. बाबांनी ऑफिसातलं एक बाद झालेलं पावतीबुक आणलं. त्यात मी माल आणि पाणी दोन्ही लिहायचं, अर्धी पावती बाबांना फाडून द्यायची, अर्धी बुकात ठेवायची. आईला अक्षर येत नव्हतं. आकडे तेवढे ओळखायची.

पहिल्याच आठवड्यात बाबांनी कायदा काढला. जकात मालावर असते, माणसावर नसते. "खाल्लेला माल हा माल राह्यत नाई," ते ओट्यावर उभे राहून म्हणाले. म्हणजे नाक्यासमोर उभ्यानं खाऊन आलं तर पोटात काय आहे हे विचारायचा आईला अधिकार नाही. आईनं वाद घातला नाही. तिनं मला बाबांच्या हाताचा वास घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हाताला साबणाचा वास आला. तेव्हा आई म्हणाली, "दिवसभर शाई अन् धूळ हातात घेनारा मानूस घरी येतानी साबनाचा वास घेऊन येते काहून? लिही वं, दोन गुंड." बाबांनी गुंड उचलला.

पण खरी गंमत पुढंच झाली. नुसत्या गावातून पार जाणाऱ्या मालाला तेव्हा जकात नसायची. तो माल मधेच गुपचूप उतरू नये म्हणून नाक्याचा शिपाई ट्रकमध्ये बसून दुसऱ्या टोकाच्या नाक्यापर्यंत सोबत जायचा. एका संध्याकाळी बाबा सहा कचोऱ्यांचा पुडा घेऊन ओट्यासमोर उभे राहिले आणि अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "माल घरात उतरनार नाई. मागच्या दारानं शेजारी चालला. पार जानारा माल हाये."

आईनं मागच्या दारात दुसरा नाका बसवला, म्हणजे स्वतः जाऊन बसली. मी शिपाई. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आमच्या दोनच खोल्या. एवढ्या प्रवासाला बाबांना आणि मला बराच वेळ लागला. स्वयंपाकखोलीत बाबा थांबले, म्हणाले, "चाक पंक्चर झालं." मी म्हटलं, "मंग?" त्यांनी पुडा माझ्यापुढं केला. एक कचोरी मी उचलली, एक त्यांनी. नोकरीत पुढं मी लाच म्हणून काय काय येऊ शकतं ते पाहिलं, पण इतकी गरम लाच पुन्हा कुणी दिली नाही.

मागच्या दारात चार कचोऱ्या पोचल्या. आईनं मोजल्या. "सहा निघाल्या व्हत्या."

"दोन मीच खाल्ल्या," बाबा म्हणाले.

सहा गुंड झाले. बाबांनी ते सहाही आणले, माझ्या वाट्याचे तीनसुद्धा, आणि माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, हे बरं आहे. त्या दिवसापासून मी सरळ हप्ता बांधला. बाबा तीन भजी आणायचे, एक मला द्यायचे, मी पावतीवर दोनच लिहायची, आणि तीही अक्षरात, कारण आकडे आईला कळायचे.

तरीसुद्धा पाणी येत होतंच. त्या काळी पँट घातलेला, मॅट्रिक झालेला माणूस विहिरीवर दोर ओढताना दिसणं म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा. बाया आपल्या घागरी बाजूला सरकवून त्यांना पहिला नंबर द्यायच्या. "आज काय खाल्लं क्लार्कसायेब?" कुणीतरी विचारायचं. बाबांनी सांगायची गरजच नव्हती, त्या फेऱ्या मोजून ओळखायच्या. तीन फेऱ्या झाल्या की एकजण ओरडायची, "कचोरी वो बाई, कचोरी!" घामानं निथळत, दोन्ही हातांनी गुंड पोटावर टेकवून बाबा उतार उतरायचे. पोटाचा तेवढा एक उपयोग त्यांना सापडला होता.

आणि आईला दुपारनंतर चक्क वेळ सापडला. पहिले दोन दिवस तिला त्या वेळेचं काय करावं ते कळेना, नुसती भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी माझं पावतीबुक उचलून म्हणाली, "हे कोनतं अक्षर हाये?" मी म्हटलं, भज्यातला भ. मग जकातीतला ज. मग तिनं माझ्या धाकट्या भावाचं पहिलीचं पुस्तक घेतलं आणि रोज एक धडा, बोट ठेवून, मोठ्यानं. मीच शिकवत होते. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला फक्त गुरुजी झाल्याचा आनंद होता.

एप्रिलच्या शेवटी आजोबा इंझोरीहून आले. एसटीतून उतरल्यावर बाबांच्या पोटाकडं पाहिलं आणि थबकलेच. "काय झालं वो? बिमार हाय काय हा?" आईनं डॉक्टरचं सांगितलं. आजोबा भडकले. "डाक्टरले काय समजते? आमच्या सात पिढ्यात कोनाचं पोट सुटलं नोतं. एकाचं सुटलं, त तेवढं बी पाह्यवत नाई लोकाइले!"

बाबा नाक्यावर परत गेले. आजोबांनी धोतराच्या सोग्यात गुलगुले लपवून आणले होते. गुळाचे, तळलेले, आजीनं लेकासाठी केलेले. मी ओट्यावर तपासणी केली. आजोबांच्या कमरेला हात लावताना जरा विचित्र वाटलं, पण नियम म्हणजे नियम. आठ गुलगुले निघाले. गुलगुल्याचा दर ठरलेला नव्हता, आईनं जागच्या जागी ठरवला: दोन गुलगुल्यांना एक गुंड, सासरेबुवांचा मान म्हणून. चार गुंड.

"त्याची जकात मी भरतो," आजोबा म्हणाले आणि गुंड उचलून निघाले. मी मागं धावले. विहिरीवर पोचल्यावर ते काठापासून जरा लांबच थांबले. सगळ्या बायांकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "इथं कोनी काई म्हनत नाई ना?"

"काय म्हनन?" मी विचारलं.

ते पुढं झाले, दोर सोडला. इंझोरीच्या ज्या विहिरीवर त्यांच्या तरुणपणी त्यांना पाय ठेवू देत नव्हते, तिच्याबद्दल मला मोठेपणी कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की म्हातारा चार गुंडांवर थांबेना. घरातला ड्रम भरला, रांजण भरले, शेजारणीची बादली भरली, तुळस नसलेल्या आमच्या अंगणात त्यांनी कडुनिंबाला दोन गुंड ओतले. बारावा गुंड आणताना ते मला म्हणाले, "एवढ्या सुखाले तुही माय जकात म्हनते काय?" सत्तरीच्या माणसाच्या तोंडभर हसू होतं.

बाबा नाक्यावरून आले, भरलेला ड्रम पाहिला, ओला झालेला बाप पाहिला. त्यांना झाला प्रकार मीच सांगितला. आठही गुलगुले त्यांनी आम्हा पोरांत वाटून टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून तळलेलं सोडलं. पूर्ण. कुणी न सांगता. हात हुंगला तर नुसती शाई.

आता सगळ्यांनी खूश व्हायला हवं होतं. डॉक्टरकडं जायला महिना उरला होता, पोट उतरत होतं, कायद्याचं काम झालं होतं. पण तीन दिवसांत ड्रमचा तळ दिसला. मे महिना, विहीर खोल गेलेली, आणि आई पुन्हा पंधरा-पंधरा गुंड आणायला लागली. पुस्तक ताकाच्या रवीमागं पडून राहिलं. चौथ्या दिवशी तिनं मला बेसन आणायला पाठवलं.

मी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सांगते. बाबा पाटावर बसले होते. आई चुलीपुढं. कढईत मिरचीची भजी, घरभर वास, आणि आई एक भजं ताटलीत घालून म्हणाली, "एक खा."

"नाई," बाबा म्हणाले.

"एकानं काई होत नाई."

"जकात भरा लागन."

"एकच त गुंड हाये. बरं, अर्धा द्या."

"तू दर पाडून राह्यली?" बाबांचा आवाज चढला. "नाक्यावाल्यानंच माल इकाले काढला, त मंग नाका कायले पाह्यजे?"

आजकाल पेपरात येतं, सरकारनं तळलेल्या आणि गोड मालावर कर लावावा की नाही, लोकांची पोटं त्यानं कमी होतील की नाही. सगळे शहाणे लोक लिहितात. मी स्वतः कर खात्यात जन्म घालवला, पण मला कुणी विचारत नाही. विचारलं तर मी एवढंच सांगेन: लावा, खुशाल लावा, लाजेनं का होईना माणूस दोन भजी कमी खातो. फक्त कर मिळायची सवय लागली की सरकार स्वतःच कढई चढवतं, तेवढं बघा. माझ्या आईसारखी सरळ बाई चौथ्या दिवशी बेसन आणवते, तिथं सरकारचं काय घेऊन बसलात!

आईनं झारा खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला राग येत होता. "मले पानी पाह्यजे," ती म्हणाली. "माहा धडा अर्धा राह्यला."

"कोनता धडा?" बाबांनी विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते दुपारी नाक्यावर असायचे.

धाकट्या भावानं पुस्तक आणून दाखवलं. आईनं चुलीकडं तोंड फिरवलं आणि बोट न ठेवता, बाबांकडं न बघता, चार ओळी म्हणून दाखवल्या. पाचव्या ओळीला अडली. बाबांनी पुस्तक मिटून पाटाशेजारी ठेवलं. मग त्यांनी ते एक भजं खाल्लं, अगदी औषध घेतल्यासारखं, आणि उठून पाच गुंड आणले. मी पावतीवर 'एक भजं, पाच गुंड' लिहिलं. हप्ता बांधल्यापासून पहिल्यांदाच खरं लिहिलं. मग महिनाभर हाच दर चालला. रोज एक भजं आणि आईचा धडा पुरा होईल इतकं पाणी.

मृग लागल्यावर बाबा अकोल्याला गेले. डॉक्टरनं जिना चढायला लावला. या खेपेला चहा येण्याआधी बाबा वर. "काय केलंत?" डॉक्टरनं विचारलं. बाबा म्हणाले, "सायेब, जकात भरली." डॉक्टरला काही कळलं नाही, पण त्यानं फिट लिहिलं. आठवड्यात कायम केल्याची ऑर्डर हातात आली. बाबांनी गल्लीत कचोऱ्या वाटल्या, आणि आईनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजपासून आमच्या घरची जकात बंद.

बाबा त्या रात्री कायमस्वरूपी झोपले. घोरणंसुद्धा पर्मनंट वाटत होतं. आई मात्र कंदिलाजवळ बसून काहीतरी वाचत होती. मला वाटलं, भावाचं पुस्तक असेल.

ते पावतीबुक होतं. सकाळी तिनं मला उठवलं आणि बुक पुढं धरलं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचलं: "भ-जी, दो-न." मग म्हणाली, "त्या दिवशी तीन होते. वास मले तीनाचा आला व्हता." तिनं सगळं बुक तसंच वाचलं. कुठल्या दिवशी किती गुंड आले ते तिच्या डोक्यात होतं. बाबा प्रामाणिक होते, आणलेल्या सगळ्या मालाचं, माझ्या भज्याचंसुद्धा, पाणी आणायचे. कागदावर कमी लिहायची मी. पाणी जास्त, माल कमी. चोर कोण ते पहिलीचं पुस्तक संपवलेल्या बाईला कळायला वेळ लागला नाही.

मी रडत गुंड उचलला. दार उघडलं तर ओट्यावर दुसरा गुंड घेऊन बाबा बसलेले. कायम झालेला कारकून, नव्या पँटचा पाय दुमडलेला.

"तुमी कुठं चालले?" आईनं विचारलं. "काय खाल्लं?"

"काई नाई."

"मंग? जकात त बंद झाली."

बाबांनी गुंड खांद्यावर घेतला. "मांगची बाकी हाये," ते म्हणाले. "पंधरा वर्षं तू आनलेलं पानी पेलो. त्याची पावती कोनी फाडली नाई."

आम्ही दोघं चढ चढून गेलो, एक आपल्या खुशीनं आणि एक बडतर्फ होऊन. परत आलो तेव्हा आई माझ्या जागेवर, ओट्यावर बसली होती. तिनं पेन्सिलला थुंकी लावली आणि आयुष्यातली पहिली पावती स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षरं मोठी, वाकडी, रेघेच्या बाहेर गेलेली. फाडून बाबांच्या ओल्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं: पाणी पोचलं. बाकी आहे.

पुढं काही वर्षांनी गल्लीत नळ आला. तरी बाबा रोज सकाळी नाक्यावर जायच्या आधी विहिरीवरून एक गुंड आणायचे, आणि आईनं बाकी फिटली असं शेवटपर्यंत लिहून दिलं नाही.